रबरशास्त्री

जिमखाना असो की सोसायटीचं क्लबहाउस, टीटीचं टेबल मांडलेलं असलं की हे गृहस्थ तिथं असतातच. पन्नाशी उलटलेली, एका गुडघ्याला पट्टा, आणि खांद्यावर परगावी लग्नाला निघाल्यासारखी बॅग. आमच्याकडे त्यांना शास्त्री म्हणतात. खरं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता वर्गणीच्या पावतीपुरतं उरलंय.

शास्त्री खेळायला येतात असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. आधी बॅगेची चेन उघडते, मग आतली केस, मग रबरावरची पारदर्शक फिल्म कोपऱ्यापासून अलगद सुटते. रबरावर ‘हाऽ’ करून वाफ सोडायची, तळव्याने पुसायचं, चेंडू त्यावर दाबायचा आणि बॅट उलटी धरायची. चेंडू क्षणभर चिकटून लोंबकळला की शास्त्री आजूबाजूला बघतात. “हरिकेन थ्री. टॅकी. चीनचे प्लेअर फोरहँडला हेच लावतात.” चीनचे प्लेअर त्याआधी रोज किती तास घाम गाळतात, हा प्रश्न तेवढ्यात कुणाच्या तोंडावर येतो आणि सभ्यपणे परत जातो.

ज्ञानाला मात्र तोड नाही. रबर आणि स्पंज मिळून जाडी चार मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, हा नियम ते मंत्रासारखा म्हणतात. मग गाडी 1952 वर येते. आशियातली पहिली जागतिक स्पर्धा, आणि तीही आपल्या मुंबईत! जपानचा चष्मेवाला हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर चेंडूचा ‘टक’ ऐकून फटक्याचा अंदाज घ्यायची सवय. याच्या बॅटीतून आवाजच येईना. मोठमोठे खेळाडू गडबडले आणि सातो जगज्जेता होऊन गेला. “क्रांती झाली ती मुंबईत, सामानामुळे!” असं म्हणून शास्त्री आपल्या बॅगेवर हात ठेवतात. सातो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही, हा उत्तरार्ध त्यांना पाठ आहे; सांगत नाहीत.

एकदा आठवीतल्या मुलाच्या आईने त्यांना विचारलं, “काका, ह्याला कुठलं रबर घेऊ?”

“ताई, आधी सांगा, ह्याचा लूप ब्रशिंगचा आहे की ड्राइव्हचा?”

“त्याचा क्लास साडेपाचचा आहे.”

शास्त्री डगमगले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही कोचने लिहून घ्यावं असं होतं. पाकिटावरच्या स्पीड, स्पिन, कंट्रोलच्या आकड्यांवर जाऊ नका. ते प्रत्येक कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेले मार्क आहेत. स्पंजच्या अंशांचंही तेच. चिनी मोजपट्टीवरचा 39 हा जर्मन मोजपट्टीवरच्या 45 पेक्षा कडक लागतो. स्पंज जाड घेतला तर चेंडू उसळून जातो आणि पोराला आपण काय केलं ते कळतच नाही. आणि मुख्य म्हणजे, जे रबर आपला स्पिन चेंडूला जास्त देतं, तेच समोरच्याचा स्पिनही जास्त खातं. तेव्हा 1.8 मिलिमीटरचा मध्यम स्पंज, साधं ऑलराउंड रबर. “मार्क फाइव्ह घ्या. 1969 पासून लोक त्याच्यावर खेळ शिकतायत. आणि वर्षभर बदलू नका.”

हे सांगताना शास्त्रींच्या स्वतःच्या बॅटीवर जेमतेम महिन्यापूर्वी लावलेलं टेनर्जी झीरो फाइव्ह होतं, सगळ्यात जाड स्पंजचं, चार आकडी किमतीचं.

रबर लावायचा त्यांचा दिवस रविवार. ग्लू पांढरा, दुधासारखा. लाकडावर आणि स्पंजवर पातळ फासायचा आणि पारदर्शक होईपर्यंत फॅनखाली ठेवायचा. 2008 मध्ये जुन्या स्पीड ग्लूवर बंदी आली, त्याचं दुःख ते अजून पाळतात. “फुलायचा हो स्पंज त्याने! काय क्लिक यायचा!” मग रबर ठेवून त्यावरून लाटणं फिरवायचं. घरात एक लाटणं यासाठी वेगळं काढलंय, आणि ते वेगळं कधी निघालं याबद्दल काकू चारचौघांत बोलत नाहीत. शेवटी कटरने कडेकडेने कापायचं. इथं हात किंचितही थरथरत नाही. हाच हात नऊ-नऊला सर्व्हिस करताना कुठं जातो, कळत नाही.

मॅच त्यांच्या दृष्टीने बॅटीची चाचणी. परवा समोर नववीतली मुलगी होती. तिने आखूड साइडस्पिन सर्व्हिस केली, टेनर्जीने ती इमानेइतबारे खाल्ली आणि चेंडू टेबलाबाहेर पंख्याच्या दिशेने गेला. “थ्रो अँगल जास्त आहे याचा.” पुढची नेटमध्ये. “ह्युमिडिटी.” पावसाळी हवेत रबर निसरडं होतं हे खरंच आहे, पण ती हवा टेबलाच्या दोन्ही बाजूंना होती. तीन गेम सरळ गेले. पाय हलला नाही, हे निदान सोडून बाकी सगळी निदानं झाली.

मॅच संपल्यावर त्यांनी तिची बॅट मागून घेतली. हापूस चाचपावा तसं अंगठ्याने रबर दाबलं, कडा बघितली, आणि चेहरा बदलला. कडेवरचा तो स्वच्छ काप त्यांचाच. दिवाळीत ‘कंट्रोल नाही’ म्हणून सोलून त्यांनीच ते तिला देऊन टाकलं होतं. आमच्या क्लबातली निम्मी पोरं अशीच शास्त्रींच्या असमाधानावर वाढली आहेत. पैसा एक घेत नाहीत, वर ग्लूही स्वतःचाच लावून देतात.

“मस्त सेट झालंय गं हे,” शास्त्री म्हणाले. “परत देतेस का? तुला दुसरं आणून देतो.”

“नको काका, हेच बरंय.” मग तिने त्यांच्या बॅटीकडे पाहिलं. “तुमचं आत्ताचं कधी काढणार? माझ्या भावाला हवंय.”

“गुरुवारी पार्सल येतंय,” शास्त्री म्हणाले. “रविवारी ये घेऊन जायला.”