काष्टा मागच्या बाजूला असतो

माझी पहिली तक्रार काष्ट्याबद्दल आहे. नऊवारीचा काष्टा मागच्या बाजूला असतो आणि सगळं नेसणं त्याच्या भरवशावर उभं असतं. कमरेची गाठ घट्ट बसली, निऱ्या खोचल्या, मधला भाग पायांतून मागे ओढून पक्का खोवला, की बाई वाकते, उकिडवी बसते, पाणी उपसते, होडीत पाय टाकते. पिन लागत नाही, परकर लागत नाही. मला त्या दिवशी भाड्याने मिळालेल्या नऊवारीला कमरेत इलॅस्टिक होतं, बाजूला चेन होती, निऱ्या आधीच शिवून टाकलेल्या होत्या आणि पाठीमागे काष्टा म्हणून एक पट्टी जोडलेली होती. माप सगळ्यांना एकच. माझ्या अंगावर ती सैल झाली, तेव्हा मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘पुढून दिसत नाही, ताई.’

हे वाक्य मी दिवसभर ऐकलं. माझ्या बाकीच्या सगळ्या तक्रारी त्यातूनच निघालेल्या आहेत.

हा बेत माझ्या मुलीचा होता. तिच्या मैत्रिणी व्हिएतनामला जाऊन आल्या. होई आन नावाचं तिथलं जुनं बंदर आहे, पिवळ्या भिंतींचं आणि कागदी-रेशमी कंदिलांचं. १९९९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथे त्यांनी आओ झाय हा तिथला पोशाख घातला. अंगाबरोबर बसणारा लांब झगा, कमरेपासून दोन्ही बाजूंना चिरलेला, आत सैल विजार, डोक्यावर ताडपानांची निमुळती टोपी. सोबत एक फोटोग्राफर, तोच वाटाड्या. कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं, सगळं तो सांगणार. फोटो सुंदर आले. मुलगी म्हणाली, ‘आई, आपणही असं करू, पण आपल्याकडे, आपल्या कपड्यांत.’ मला हे मनापासून पटलं. आता आपल्याकडेही असं पॅकेज मिळतं. पहाटे बारामतीत तयार व्हायचं, कुंभारगावला होडीतून रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांसोबत फोटो, मग पळसदेवचं देऊळ, संध्याकाळी परत बारामतीत वाड्यापाशी. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, वाढदिवसाला मैत्रिणी येतात, आमच्यासारख्या मायलेकीही येतात. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही गेलो.

दुसरी तक्रार नथीची. नथ दाबाची होती, नाकाच्या जाड-बारीकपणाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, आणि ती सारखी निसटायची. तरीही प्रत्येक फोटोत तिला हात लावायचा होता. ‘ताई, दोन बोटांनी नथ धरा. मान डावीकडे. लांब बघा. हसू नका, गालात हसा.’ मुलीलाही तेच, आमच्या आधी आलेल्या जोडप्यातल्या मुलीलाही तेच. नथ घालणाऱ्या बायका मी घरात पाहिलेल्या आहेत. मोठी नथ असली की जेवताना एका हाताने ती वर धरावी लागते, घास तिच्याखालून घ्यावा लागतो. बाईच्या बोटांचा आणि नथीचा संबंध तेवढाच. तशी एखादी बाई पंगतीत दाखवा, मी तो फोटो भिंतीवर लावीन. लांब कुठेतरी बघत नथ चाचपणारी बाई मी आमच्या दोन्ही घरांत, माहेरी किंवा सासरी, कधी पाहिलेली नाही.

कुंभारगावला होडी घेऊन आलेला नावाडी मूळचा मासेमार. उजनी धरणाच्या पाण्यात जाळं टाकून चिलापी धरणारं ते घर. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तो पक्षी बघणाऱ्यांना फिरवतो. त्याला पक्षी नावानिशी माहीत होते. फोटोग्राफर दिसेल त्याला ‘फ्लेमिंगो’ म्हणत होता. पिवळ्या चोचीचे, पंखांवर गुलाबी छटा असलेले मोठे बगळ्यासारखे पक्षी काठाला उभे होते, त्यांनाही फ्लेमिंगोच. ‘ते चित्रबलाक आहेत,’ नावाडी म्हणाला. ‘भादलवाडीच्या तळ्यावर बाभळींवर घरटी असतात त्यांची.’ इंदापूर तालुक्यातलं भादलवाडीचं तळं हे चित्रबलाकांचं नावाजलेलं विणीचं ठिकाण आहे आणि आम्ही त्याच्यापासून फार लांब नव्हतो. पैसे आम्ही ज्याला दिले तो फोटोग्राफरच आमचा वाटाड्या. माहिती मात्र नावाड्याकडे होती आणि पॅकेजच्या कागदावर नावाड्याचा उल्लेखही नाही.

रोहित खरोखर दिसले. गुडघाभर पाण्यात रांगेने उभे, मान खाली, चोच उलटी करून चिखलपाण्यातून किडे-शेवाळ गाळून घेत होते. कच्छच्या रणात वीण करणारे हे पक्षी उजनीचं पाणी ओसरायला लागलं की इथल्या उथळ दलदलीत चरायला येतात. आम्ही थांबून बघावं असं मला वाटलं. फोटोग्राफरला ते उडालेले हवे होते. ‘दादा, होडी आत घाला. थवा उठला की मागे लाल पंख येतात.’ नावाड्याने वल्हं आडवं धरलं. ‘आता पुढं न्यायची न्हाई. एक उठला की समदे उठत्यात. चरू द्या त्यास्नी.’ होडी पुढे गेली नाही. फोटोत न दिसणाऱ्या मागच्या बाजूचा विचार त्या दिवशी आमच्यासोबतच्यांपैकी कुणी केला तो एवढाच, आणि मी त्या माणसाची आभारी आहे.

लाइफ जॅकेट हा त्याच होडीतला वाद. नावाड्याने जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडली नाही. आत गेल्यावर फोटोग्राफरने ती काढायला लावली, कारण जॅकेटखाली शेला दिसत नाही. मुलीने काढलं, मी काढलं नाही. त्यावर तो नाराज झाला आणि माझे होडीतले फोटो थोडे आले. त्यानंतर २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांच्या घरच्यांना माझ्या तक्रारीचं काही सांगावं लागणार नाही. उजनीवर ऊन लख्ख असताना वारा सुटतो. केशरी जॅकेट फोटोत वाईट दिसतं म्हणून ते काढायला सांगणारा माणूस मला होडीत नको आहे.

पळसदेवची तक्रार लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतंय, कारण ते माझ्या मावशीचं गाव आहे. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. या पाण्याखाली भीमाकाठची गावं गेली, जुनं पळसदेव त्यातलंच. पळसनाथाचं देऊळ एरवी पाण्यात असतं. फार दुष्काळी वर्षी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, खूप खाली गेलं की उघडं पडतं. २०२४ साली ते उघडं पडलं होतं. अशा वर्षी देवळाबरोबर जुन्या गावचे लोकही येतात. आपल्या घराचं जोतं कुठे होतं ते पायाने चाचपतात, नातवंडांना दाखवतात. मावशीही आली होती. इरकली लुगडं, गुळदगुडी खणाची चोळी, पायात चपला नाहीत.

देवळाभोवती चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीत कोरीव दगड पडलेले आहेत. त्यांत वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून गावाने उभा केलेला दगड. मुलीला त्यातल्या एकावर पाय ठेवून, हात कमरेवर घेऊन उभं राहायला सांगितलं गेलं. मी नको म्हटलं. ‘फक्त बेस आहे, ताई. फोटोत दगड येणार नाही.’ म्हणजे पाय दिसणार, आणि पाय ज्याच्यावर ठेवला तो माणूस दिसणार नाही. मुलगी बाजूला झाली. नंतर देवळाच्या चौकटीत मला उभं केलं, आणि मावशी माझ्यामागे, आत, खांबाला हात लावून उभी होती. फोटोग्राफर म्हणाला, ‘आजी, जरा फ्रेममधून बाहेर या.’

हे लहान वाक्य आहे. तो मुलगा उद्धट नव्हता, आजी म्हणाला, जरा म्हणाला. पण त्या देवळासमोर जिचं लग्न लागलं तिला बाहेर काढून, इलॅस्टिकची नऊवारी घातलेल्या मला त्या चौकटीत उभं करायचं हे त्याला साधं काम वाटलं, याचा मला अजून राग आहे. मावशी निमूट बाहेर आली आणि माझ्या पाठीशी येऊन थांबली. ‘आगं, पाठीला चिमटं कशाला लावल्यात?’ तिने ते एकेक काढले आणि सगळं पुन्हा बांधायला लागली. हाताने कमरेशी गाठ शोधली, सापडली नाही. ‘ह्याला गाठच न्हाई. बांधू कशाला?’

मग आम्ही तिच्या घरी गेलो. घर नव्या पळसदेवात, पुणे-सोलापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. ट्रंकेतून तिने लाल टोपपदराचं एक लुगडं काढलं आणि मुलीला नेसवलं. आधी एक टोक कमरेभोवती घेऊन गाठ, अशी की मुलगी ‘आई गं’ म्हणाली. मग पदर खांद्यावर मापून ठेवला, उरलेल्याच्या निऱ्या बोटांवर भराभर घेतल्या, खोचल्या, आणि ‘पाय फाकव’ म्हणून मधला भाग मागे खेचला. मागे गेल्यावर तिने काष्टा नुसता खोवला नाही. त्याची कडा चुणून, आतल्या बाजूला वळवून, मग खोवला, आणि वरून तळहाताने एक चापट मारली. सगळ्याला वेळ लागला तो चहा उकळेपर्यंत. मुलगी ओट्यावरून खाली उडी मारून अंगणात गेली, विहिरीच्या कठड्यावर बसली, पुन्हा वर आली. लुगडं जागचं हललं नाही. मी फोटोग्राफरला म्हटलं, ‘हा घ्या फोटो, मागून घ्या.’ तो म्हणाला, रंग डल आहे, आणि पॅकेजमध्ये हे लोकेशन नाही.

होई आनमध्ये मुलीच्या मैत्रिणी पाहुण्या होत्या. तिथल्या वाटाड्याने त्यांना कसं उभं राहायचं ते सांगितलं तर योग्यच केलं. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. शिवाय आओ झाय तिथे फक्त फोटोपुरता उरलेला नाही. पांढरा आओ झाय घालून मुली शाळेत जातात, तो मापाने शिवणारे शिंपी गल्लीगल्लीत आहेत. १९३० च्या दशकात हनोईच्या न्गुयेन कात तुआंग या चित्रकाराने त्याला नवा घाट दिला, तेव्हा तो घालून चालता यावं हा विचार त्यात होता. आम्ही मात्र इंदापूर तालुक्यात, मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आपल्याच लुगड्यात पाहुण्या झालो. नेसवणारी बाई जागच्या जागी असताना आम्हाला चेन लावून देण्यात आली. पॅकेजवाल्यांनी पळसदेवच्या, कुंभारगावच्या चार म्हाताऱ्या बायकांना नेसवायला बोलावून त्यांना पैसे द्यावेत, एवढं साधं काम आहे. लुगडं जुनं असलं तरी चालेल.

बारामतीतल्या संध्याकाळबद्दल थोडक्यात. नाईकांच्या वाड्यापाशी आम्हाला ‘मस्तानी लुक’ दिला गेला. २०१५ च्या सिनेमापासून हा लुक सगळीकडे चालतो. पण या घराची सून होती भिऊबाई, पहिल्या बाजीरावाची सख्खी बहीण. याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले आणि कऱ्हेच्या काठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं. भिऊबाईचं नाव वाटाड्याने घेतलं नाही. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘असेल, पण लोकांना मस्तानी कळते.’ सांगितलंच नाही तर भिऊबाई कशी कळणार?

फोटो आले. उजनीचं पाणी निळंशार आहे. त्या दिवशी ते हिरवट होतं, काठाला शेवाळाचा पट्टा होता. पुण्याची घाण वाहून येते ती या धरणात साठते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मुलीचा आणि माझा रंग उजळ केलेला आहे. आमच्या डोक्यावर रोहितांचा थवा उडतोय, जो नावाड्याने उडवू दिला नव्हता. मी मूळ फोटो मागितले. रॉ फाइल देत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा मी लिहून पाठवलं: पाणी होतं तसं करा, रंग होता तसा ठेवा, पक्षी काढून टाका, जॅकेटमधले फोटो द्या, आणि देवळाच्या चौकटीत मावशी मागे उभी असताना पहिल्यांदा बटण दाबलं होतंत तो फोटो द्या, तो तुमच्याकडे आहे. ‘बघतो, ताई,’ एवढंच आलं आहे. सोमवारी मी पुन्हा फोन करणार आहे, आणि उरलेले पैसे तो फोटो हातात आल्यावर देणार आहे.