रुमाल, कवळी आणि लांबट चेंडू

पुतणीच्या बॅगेत कवळी सापडली आणि आमच्या पनवेलच्या घरात हाहाकार उडाला. पोरीचं वय बावीस, दात बत्तीसच्या बत्तीस जागेवर. वहिनींनी ती प्लॅस्टिकची डबी माझ्या चहाच्या कपाशेजारी आपटली. "भावोजी, हे बघा. आजकालच्या कवळ्या निळ्यासुद्धा असतात का हो?"

पोरीनं शांतपणे सांगितलं, की हा माउथगार्ड आहे. रग्बी खेळताना दात पडू नयेत म्हणून लावतात.

"म्हणजे पडू शकतात," वहिनी म्हणाल्या. "पण खांद्याच्या वर कुणी धरून पाडायचं नाही असा नियमच आहे, आई." "मग कवळी कशाला?" यावर पोरीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

सहा महिने ती शनिवार-रविवार पहाटे 'प्रॅक्टिसला' जायची. आमची समजूत, नाटकाची असेल. गावात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह असताना माणसाला दुसरी कसली शंका येणार? प्रकरण निघालं ते असं : मुंबईतला हौशी क्लब, त्यात पुरुषांचा एक संघ आणि मुलींचा एक. कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, कुणी फिजिओथेरपिस्ट (हा मात्र दूरदर्शी). सगळे आपापली वर्गणी भरतात आणि त्या बदल्यात चिखलात लोळवून घेतात. घरात फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे मोजायचे, हे वहिनींना अखेरपर्यंत पटलं नाही.

शनिवारी बॉम्बे जिमखान्यावर सामना होता, आधी मुलींचा, मग पुरुषांचा. रविवार नव्हता हे नशीब, नाहीतर मेगाब्लॉकनं आम्हाला मानखुर्दलाच बाद केलं असतं. सोबत वहिनी, वहिनींचा डबा, डब्यात चाळीस बटाटेवडे आणि वर जोराचा जुलै.

पनवेल ते सीएसएमटी साधारण ऐंशी मिनिटं. रग्बीचा पूर्ण सामनाही ऐंशी मिनिटांचाच. हा योगायोग मला खांदेश्वरपर्यंत फार सूचक वाटत होता. आणखी एक सांगतो. आमच्या पनवेलला लोकल आली १९९८ साली, आणि भारताचा रग्बी संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला तोही १९९८ सालीच. नट राहुल बोस त्या संघात होते. मी आदल्या रात्री वाचून तयारीनिशी आलो होतो. पुतणीनं मात्र विचारलं, "काका, चेंडू कुठल्या दिशेनं फेकायचा असतो ते वाचलंत का?"

ते राहिलं होतं. तर रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकताच येत नाही. पास द्यायचा तर बाजूला किंवा मागे. चेंडू घेऊन धावायचं पुढे, द्यायचा मागच्याला, आणि तरी पोहोचायचं समोरच्या टोकाला. "पुढे जायचंय तर मागे कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा नेरूळ आलं होतं.

'ट्राय' मात्र मला चटकन समजला. समोरच्याची रेषा नुसती ओलांडून भागत नाही, चेंडू हातानं जमिनीवर टेकवावा लागतो. म्हणजे एस्टीत रुमाल टाकण्यासारखं. गाडीत शिरलात म्हणून सीट तुमची होत नाही, रुमाल सीटला टेकला पाहिजे. आज ट्रायला पाच गुण आहेत, पण सुरुवातीच्या काळात एकही नव्हता. चेंडू टेकवला की फक्त गोलकडे किक मारून बघायची संधी मिळायची, म्हणून त्याचं नाव 'ट्राय'. हेही रुमालासारखंच. पनवेल स्टँडवर रुमाल टाकल्यानं जागा मिळाली असं मी फार कमी पाहिलंय, भांडायचा हक्क तेवढा मिळतो.

कुर्ल्याला दारातून आत येणारे आणि बाहेर जाणारे खांद्याला खांदा लावून एकमेकांवर रेलले, खालून एक पिशवी कुणाच्या तरी पायांतून मागे सरकत गेली. पुतणी म्हणाली, "हा स्क्रम. फक्त पंधरा जणांच्या सामन्यात आठ-आठच असतात."

बॉम्बे जिमखाना १८७५चा. एके काळी तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश. भारतात झालेला पहिला क्रिकेट कसोटी सामना १९३३ साली याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. पावसाळ्यात क्रिकेटची खेळपट्टी झाकली जाते आणि मऊ झालेल्या मैदानावर रग्बीवाले लोळायला येतात. कडक उन्हाळ्यात त्या जमिनीवर आपटून बघण्याची इच्छा कुणालाच नसावी. आम्ही एम.जी. रोडच्या फुटपाथवर, कुंपणाला छत्री टेकवून उभे राहिलो. वहिनी म्हणाल्या, "मला नाही बघवायचं," आणि समोर फॅशन स्ट्रीटवर निघून गेल्या.

मुलींचा सामना सात-सात जणींचा, सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. चौदा मिनिटांत वहिनी एका कुर्तीचा भावसुद्धा पुरा करत नाहीत. पहिल्या डावात आमच्या पोरीला एका धिप्पाड मुलीनं कमरेत धरून असं झोपवलं, की माझ्या हातातली छत्री मिटली. चिखलातून फक्त निळी कवळी चमकत होती. म्हणजे पोरगी हसत होती.

दुसऱ्या डावात तीच धिप्पाड मुलगी चेंडू काखेत मारून सुटली. मध्ये फक्त आमची पोरगी. तेवढ्यात रस्त्यापलीकडून, दोन टॅक्सी आणि एक बेस्ट पार करून, आवाज आला, "पायात धर तिच्या! पायात!" कुर्ती एका हातात, पर्स दुसऱ्या. शाळेत असताना वहिनी तालुक्याला कबड्डी खेळल्या होत्या हे मला लग्नानंतर तीस वर्षांनी, म्हणजे त्या दिवशी कळलं. पोरीनं पायात धरलं. धिप्पाड मुलगी आडवी झाली. दुकानदारानं पन्नास रुपये आपणहून कमी केले.

भारतीय मुलींच्या पंधरा जणींच्या संघानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ साली खेळला. पुण्याची वाहबिझ भरुचा कप्तान होती. पुढच्याच वर्षी त्यांनी सिंगापूरला २१-१९नं हरवलं. हे मी वहिनींना सांगत होतो, पण त्यांचं लक्ष पुरुषांच्या सामन्याकडे होतं. तिथे लाइनआउटला, म्हणजे बाहेरून आत फेकलेला चेंडू झेलायला, दोघांनी तिसऱ्याला मांड्यांना धरून उचललं होतं. "हंडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

आमचा क्लब दोन्हीकडे हरला. मग जे झालं त्यासाठी मी पुस्तकात वाचूनही तयार नव्हतो. ज्यांनी एकमेकांना चिखलात गाडलं, ते दोन्ही संघ, बाया आणि बाप्ये, एकत्र खायला बसले. ही पद्धतच आहे म्हणे. चाळीस वडे सहा मिनिटांत संपले. धिप्पाड मुलीनं चार खाल्ले आणि वहिनींना "काकू, चटणी कशाची?" विचारलं. त्या क्षणापासून ती वहिनींच्या लेखी 'अंगानं भरलेली, गुणी मुलगी' झाली.

मी संधी साधून कलकत्ता कपाची गोष्ट काढली. कलकत्त्याच्या रग्बी क्लबानं सदस्यांचा फुकटचा बार बंद केला आणि मंडळी पांगायला लागली, असं सांगतात. शेवटी क्लब मोडायचं ठरलं, आणि १८७८ साली क्लबानं बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्याचा करंडक केला. हत्ती झाकणावर, नाग मुठींना. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्याच्यासाठी भांडतात. १९८८ साली दोन खेळाडूंनी सामन्यानंतर एडिनबराच्या रस्त्यावर त्याचा पार चेंदामेंदा केला, आपल्याच रुपयांचा. वहिनींनी रिकाम्या डब्याकडे बघितलं. "पुढच्या खेपेला साठ करते. उगाच मोडायला नको क्लब."

परतताना सीएसएमटीला पनवेल लोकल लागली, ती आधीच भरलेली. हे लोक चढले कुठे? वहिनी फणकारल्या, "मस्जिदला. नाहीतर सँडहर्स्ट रोडला. उलटे येऊन जागा धरतात. चला, पुढच्या गाडीनं मस्जिदला जाऊ आणि मागे येऊ."

पुतणी प्लॅटफॉर्मवरच थबकली. "काका! पुढे जायचंय म्हणून मागे!"

मस्जिदला गाडी आली. पुतणी आधी शिरली, चेंडू तिनं मागे माझ्याकडे टाकला, मी तो पोटाशी धरून दारात अडकलो, आणि माझ्या काखेखालून वहिनी निघून गेल्या. आत एकच जागा मोकळी, आणि एक गृहस्थ तिच्यावर जवळजवळ टेकलेच होते. वहिनींचा रुमाल पर्सच्या तळाशी. हाताला लागलं ते त्यांनी सीटवर टेकवलं.

गृहस्थांनी खाली बघितलं आणि तसेच अर्धवट वाकलेले सरळ झाले.

"बसा, बसा," ते अदबीनं म्हणाले. "इथे कुणाची तरी कवळी आहे."