चिंच लावू नका

चिंचेबद्दल माझं मत फार वाईट झालं आहे. आमटीत ती असावी, माशाच्या कालवणात तर असावीच. पण तांब्याच्या नाण्याजवळ आली की ती मला शत्रुपक्षातली वाटते, आणि आमचं अख्खं नंदगड त्या पक्षाला मिळालेलं आहे. काळी पडलेली शिवराई कुणाच्याही हातात द्या. तो ती उलटसुलट करतो, अंगठ्यानं चोळतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो : "चांगलं हाय, खरं जरा घासून ठेवा की! चिंच न्हाई घरात?"

मग मी व्याख्यान सुरू करतो. आवाज खाली जातो, भुवया वर जातात आणि बेळगावी बोलणारा मी एकाएकी सदाशिव पेठेत राहायला जातो. तांब्यावरचा हा काळसर थर मळ नसतो, मी सांगतो. तांब्याचा हवेशी संबंध येऊन तो तयार झालेला असतो आणि आतल्या तांब्याला तोच राखतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो खाऊन टाकतं. नाणं गुलाबी होतं, चार महिन्यांत पुन्हा काळवंडतं आणि तेही डाग-डाग पडून. चांदीचं दुखणं निराळं. १८३५ पासून कंपनीनं आणि पुढे राणीनं पाडलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शंभरातले जवळपास ब्याण्णव भाग चांदी. कागदातलं, कापडातलं, हवेतलं गंधक या चांदीला हळूहळू लागतं आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो पातळ असतो तेव्हा नाणं सोनेरी दिसतं, जाड होत जातो तसं तांबूस-जांभळं, मग निळं आणि शेवटी काळं. रंग कुणी लावलेला नसतो. पापुद्र्याच्या वरून आणि तळातून परतणाऱ्या उजेडाची ती करामत असते.

इथवर ऐकणारा टिकला तर मी ‘डिप’कडे वळतो. बाजारात मिळणाऱ्या या द्रावणात थायोयुरिया आणि आम्ल असतं. रुपया बुडवला की क्षणात पांढरा. पण पापुद्र्यात जी चांदी मुरलेली असते तीही त्याच्याबरोबर जाते. टाकसाळीत ठसा बसताना धातू पसरून जी झळाळी आलेली असते, ती याच वरच्या कातडीत असते. म्हणून अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसीसारख्या प्रतवारी कंपन्या एरवी नाण्याला ७० पैकी गुण देतात, पण असं सोललेलं नाणं ओळखू आलं की गुण न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. मुलगा आंघोळ करून परीक्षेला आला म्हणून त्याचा पेपर न तपासण्यासारखंच हे!

हे सगळं कुठं शिकलात असं कुणी विचारलं, तर मी म्हणतो, नाशिकजवळ अंजनेरीला १९८० सालापासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथं गेलो होतो असं मी म्हणत नाही. गेलो नव्हतो असंही म्हणत नाही.

शिवराईचा माझा हुकमी प्रयोग वेगळाच आहे. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकाला सुरू झालेलं हे नाणं पुढेही पाडलं गेलं आणि इंग्रजी अमलातसुद्धा खेड्यापाड्यांत चालत राहिलं. मी म्हणतो, "२६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांशी लढलेल्या रायण्णाला आपल्या गावात फाशी दिली, त्या दिवशी ही शिवराई इथल्या बाजारात कुणाच्या तरी कनवटीला असेलही." ‘असेलही’ जरा हळू म्हणतो.

सोन्याला मात्र यातला कुठलाच रोग नाही. शेजारच्या हलशीला ज्यांची दुसरी राजधानी होती, त्या गोव्याच्या कदंबांची सिंहाची सोन्याची नाणी आठशे वर्षांनीही पिवळीधमक असतात. त्यामुळे सोन्याच्या नाण्यांबद्दल मला काही मत नाही. नाणीही नाहीत.

माझ्या तत्त्वाचा खरा पराभव झाला तो आमच्या देव्हाऱ्यात. तिथं टाक आहेत, पातळ चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. सण आला की ते घासायचे. राखेनं, रांगोळीनं, रिठ्यानं, आता टूथपेस्टनं. आजीनं घासले, आईनं घासले, आता सौ. घासते. खंडोबा आणि जोतिबा दोघेही घोड्यावर बसणारे. आमच्याकडे आता दोघांचे फक्त घोडे उरले आहेत, स्वार कधीच घासले गेले. यल्लम्माचं नाक आजीच्या कारकिर्दीत गेलं, डोळे आईच्या. वीर म्हणून जो टाक आम्ही पुजतो तो वीर आहे का त्याची बायको, यावर भाऊबंदांत मतभेद आहेत. कोणता टाक कुणाचा हे एकट्या आईला कळायचं. ती बघून ओळखत नसे, अंगठा फिरवून ओळखायची. "ह्यो जोतिबा," म्हणायची आणि ठेवायची त्याच्या जागी. तिच्यानंतर आम्ही अंदाजानं मांडतो. खंडोबाच्या जागी जोतिबा बसलेला असला तरी दोघांनी अजून तक्रार केलेली नाही. घोड्यांची ओळख झाली असावी.

संग्राहकाच्या नजरेनं बघितलं तर हा तीन पिढ्यांनी मिळून केलेला विध्वंस आहे. गुण द्यायला बसलो तर ७० पैकी दोनसुद्धा मिळायचे नाहीत. तरी त्या टाकांचा मला राग येत नाही. त्या देवांच्या अंगावरून जे गेलं ते आईच्या हातानं गेलं, आणि आईचे हात कसे होते हे सांगणारी दुसरी कुठली वस्तू आमच्या घरात नाही. जे अजून कामावर आहे त्यानं झिजावं, जे सेवानिवृत्त झालं त्याला कुणी घासू नये, असा पोटनियम मी तत्त्वाला जोडून टाकला.

राग येतो तो नुसतं नवं दिसण्यासाठी चालणाऱ्या घासाघाशीचा. १९३७-३८ साली ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. पैसेवाल्या देणगीदाराला संगमरवर गोरा हवा होता. आपल्याकडे देणगीदाराला देऊळ चकचकीत हवं असतं. काळ्या दगडाच्या खांबांवर ऑइलपेंट बसतो, कोरलेली अक्षरं रंगाच्या थराखाली बुजतात, पायांनी गुळगुळीत केलेल्या फरशीवर टाइल येते आणि पाटीवर फक्त देणगीदारांची नावं वाचता येतात. असल्या जीर्णोद्धाराला मी हात जोडतो, पण ते देवाला नसतात.

आता तर उलटी गंगा वाहते आहे. रंग चढलेल्या रुपयाला लिलावात जास्त भाव मिळतो हे कळल्यावर लोक पांढरे रुपये गंधकात, उकडलेल्या अंड्यांजवळ, भट्टीत ठेवून इंद्रधनुष्य काढू लागले आहेत. जुन्याला नवं करणाऱ्यांशी भांडता भांडता माझा घसा बसला, तोवर नव्याला जुनं करणारे आले. कुठल्या बाजूनं ओरडावं ते कळेना.

अपवाद आहेत, ते सांगतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या अल्बममुळे नाण्यावर हिरवा चिकटा आला तर तो शुद्ध ॲसिटोननं काढावा. त्यानं धातूला इजा होत नाही. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर तो क्लोराइडचा रोग समजावा. दमट हवेत तो नाणं आतून पोखरत जातो, आणि आमच्या खानापूर तालुक्यातल्या पावसाळ्यापुढे दमट हा शब्द मवाळ आहे. अशा वेळी जाणकाराला गाठावं. बाकी वेळी हात बांधून बसावं.

हे शेवटचं वाक्य सौ.नं ऐकलं. ती स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होती. ते काम मागच्या दिवाळीपासून माझ्या नावावर आहे.

"व्हय की," ती वरूनच म्हणाली. "पंख्यावरला थर बी त्येला राखतच असंल. न्हाणीतला नळ, तुमची स्कूटर, माळ्यावरली ट्रंक, समदंच निवृत्त. अवो, आळसाला शास्त्र सापडलंय तुमास्नी, दुसरं काय न्हाई."

मी पीसीजीएसचं नाव घेणार होतो, पण तिच्या हातात ओलं फडकं होतं.

आता माझ्यामागं मुलांनी या नाण्यांचं काय करावं, ते रीतसर लिहून ठेवायचं आहे. विका, वाटून घ्या, म्युझियमला द्या, फक्त कशात बुडवू नका. ओळखीचा वकील आहे. चांगला जाड कागदही आणून ठेवलाय. कपाटात पडून पडून त्या कागदानं कडेला असा काही सुरेख पिवळसर रंग धरलाय, की आता त्याच्यावर शाई लावायला जीव होत नाही.