शास्त्रशुद्ध उपास

ऐन संकष्टीला भाच्याचा फोन आला. “मामा, संध्याकाळी लोअर परळला या. जुन्या गिरणीत फ्रेंच हॉटेल निघालंय, खास ब्रिटनी प्रांताचं.” दुसरा कुणी उपास सांगून सुटला असता. माझा पिंड पडला अभ्यासूचा. ब्रिटनीचा मुख्य पदार्थ गॅलेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं घावन. कुट्टू हे काही धान्य नव्हे. तो आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला, उत्तरेत नवरात्राच्या उपासाला चालतो. एवढं सौ.च्या गळी उतरवून मी डहाणू लोकल पकडली.

गिरणीचं उंच छत, लोखंडी खांब पाहून मला चेव आला. 1982 चा संप, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, सगळं शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “आमच्या डहाणूत हे व्हायचं नाही. 1991 च्या अधिसूचनेने उद्योगांना वेसण घातली. मोठे कारखाने आलेच नाहीत, तर बंद काय पडणार? राहिलं 500 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. ते थंडावून तिथे गॅलेत मिळेपर्यंत माझे दात कुठले टिकायला!” भाचा मेनूकार्डामागे दडला होता.

वेटर नेमका तलासरीचा निघाला. “काका, याच्या आत...” असं म्हणाला, तेव्हा मी त्याला ब्रिटनीच्या हलक्या जमिनीत कुट्टू कसा तगला ते समजावलं. “पण काका...” म्हणाला, तेव्हा आंबट चुका समजावला. पोरगा निमूट आत गेला.

घावन चारी बाजूंनी दुमडून आलं. मधोमध अंड्याचा बलक माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याखाली चीज आणि चीजखाली डुकराचं मांस.

“तेच सांगत होतो, काका.”

साडेसात झाले होते. चंद्रोदयाला अवकाश होता. फ्रेंच पदार्थ फ्रेंच वेळेने खावा, अशी तोड मी काढली.

“मामा, थंडीत फ्रान्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिकडे अजून दुपार आहे.”

अखेर अन्नाचा अपमान नको म्हणून खाल्लं. पुरवून पुरवून खाल्लं.

“अहो, फराळाला काय घेतलंत?” रात्री सौ.ने विचारलं.

“कुट्टूचं घावन.” यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

आता फ्रेंच लोकही चतुर्थी पाळतात, अशी बातमी तिने वाडीभर केली आहे. येत्या संकष्टीला महिला मंडळात त्या घावनाची साग्रसंगीत कृती मी सांगायची आहे.