गडावर चढून येणारे

पन्हाळगडावर खालून चढून येणाऱ्यांत पहिला मान धुक्याचा. गडाची उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास. जूनमध्ये अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्री चढताना गार होतात, गगनबावड्याला बराचसा माल उतरवतात आणि उरलेला ऐवज घेऊन पन्हाळ्याच्या माथ्याला येऊन टेकतात. कोल्हापुरातून पाहणाऱ्याला गडाच्या जागी नुसता ढग दिसतो. त्या ढगाच्या पोटात त्या वेळी तीनेक हजार माणसे चहा पीत असतात आणि त्यांतली निम्मी ‘गणवेश वाळला का’ असे विचारत असतात.

गडाला सात किलोमीटरच्या आसपास तटबंदी आहे. ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारातून आत शिरलेला शत्रू चौकात कोंडला जावा, अशी रचना आहे. धुक्याला यातले काहीच आडवे येत नाही. ते तटावरून येते, कौलांच्या फटींतून येते आणि कोणी दार लावायला उठलेच, तर त्याला वळसा घालून आत येते. आत आल्यावर त्याचे काम ठरलेल्या क्रमाने चालते. आधी भडंग सादळते, मग पापड, मग काड्यापेटी, मग मीठ. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावेत, हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. पन्हाळ्यावर तो केला, तर आठवड्याभराने बरणीत खारा भात सापडण्याची शक्यता असते. श्रावणात कोल्हापुरी चपलेवर हिरवा थर येतो. सगळ्यांत उशिरा सादळतात ते घरातले आजोबा. ते साधारण गणपतीपर्यंत टिकतात.

कपड्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा. जुलैत सोमवारी धुतलेला शर्ट गुरुवारी पुन्हा हातात घेतला, तर तो ओला नसतो आणि वाळलेलाही नसतो. अशा मधल्या अवस्थेत तो अनिश्चित काळ राहू शकतो. सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या असतात आणि घरातली माणसे चार महिने मान वाकवून वावरतात. परगावच्यांना यामुळे पन्हाळकर फार नम्र वाटतात. शेवटचा इलाज इस्त्रीचा. इस्त्री फिरवून वाळवलेल्या शर्टातून वाफ निघत असतानाच मुलाला तो घालून शाळेत पिटाळतात, म्हणून पहिल्या तासाला वर्गातही थोडे धुके असते.

ऑगस्टच्या मध्यावर एखाद्या दिवशी दहा मिनिटे ऊन पडते. हा प्रसंग सबंध पेठेच्या लक्षात येतो. ‘‘अगं, ऊन पडलंय, वाकळा काढा!’’ अशी पहिली हाक जिच्या घरातून उठते, तिचा वर्षभर मान राहतो. पुढच्या दोन मिनिटांत तारा, कट्टे, जिन्याचे कठडे, दुचाकीची सीट असे सगळे व्यापले जाते. तिसरी वाकळ पसरून होते तेव्हा पश्चिमेकडून धुके निघालेले असते. चौथी पसरावी की पहिली उचलावी, यावर सासू आणि सून यांचे एकमत होईपर्यंत ते पोचते.

दुसरा नंबर वानरांचा. त्यांना हंगाम नसतो, पण शिस्त असते. टोळीत बहुधा एकच मोठा हुप्प्या असतो. तो पाण्याच्या टाकीवर बसून पाहणी करतो आणि कष्टाची कामे माद्या व पोरे करतात. ही विभागणी पाहून घरातल्या बायका कधी कधी काही न बोलता सोप्यात पेपर वाचत बसलेल्या माणसाकडे पाहतात. वानरांनी कौलांवरून उड्या मारून मारून अनेक घरमालकांना पत्र्याचे महत्त्व पटवून दिले. पत्रा घातल्यावर कौले फुटायची थांबली. त्याऐवजी पहाटे साडेपाचला डोक्यावर पंधरा-वीस जणांची शर्यत सुरू झाली आणि घड्याळाच्या गजराचा खर्च वाचला.

उन्हाळ्यात वाळवण घातले की राखणीला एक पोर बसवतात. कुरडईचा चीक वाटीभर, सांडगे न मोजता आणि एक काठी, असा त्याचा मेहनताना असतो. पहिले दोन दिवस पोर डोळ्यांत तेल घालून बसते. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात मोबाइल येतो. वानर मागून येते, पापड उचलते, चावून पाहते, आणि तिखट-मीठ कमी वाटले की टाकून देते. हा शेवटचा भाग आजीच्या जास्त जिव्हारी लागतो. नुकसानीचे तिला फारसे काही नसते. पण पापड नावडला, हे सगळ्या गल्लीने पाहिलेले असते.

गवा, साळिंदर, साप हेही येतात. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते आले की माणसे आत जातात आणि ते गेले की बाहेर येतात. इतका समजूतदार व्यवहार बाकी कोणाशीच होत नाही.

आता माणसे. माणसांनी वर येऊ नये, एवढ्याचसाठी हा गड बांधला. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे मोठे काम केले, आणि ते पक्के होते. १६६० च्या मार्चपासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहर चार महिने वेढा घालून बसला. भर पावसात छावणीवर छपरे घालून राहिला, पण त्याला वर येता आले नाही, आणि जुलैत शिवाजी महाराज त्याच्या हातावर तुरी देऊन विशाळगडाला गेले. पुढे गड आदिलशाहीकडे असताना ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद ६० माणसे घेऊन रात्री कडा चढले आणि त्यांनी गड घेतला. साठ माणसांनी हे केले, म्हणून त्याची नोंद इतिहासात झाली. हल्ली रविवारी सकाळी नाष्ट्याच्या वेळेलाच हा आकडा मागे पडतो, आणि नोंद फक्त प्रवासी कराच्या नाक्यावर होते.

हा बदल होण्याचे कारण १८४४ सालातले आहे. त्या वर्षी गडकऱ्यांचे बंड झाले, इंग्रजांनी ते मोडले आणि गडाचा चार दरवाजा पाडून टाकला. आजचा गाडीरस्ता त्याच बाजूने वर येतो. गड निकामी करावा, एवढाच इंग्रजांचा हेतू असावा. त्यापायी पन्हाळ्याच्या गृहिणींवर काय प्रसंग ओढवेल, याचा विचार कुठल्याही सरकारी कागदात केलेला दिसत नाही.

पाहुण्यांचे पहिले लक्षण म्हणजे फोन. तो वाघबिळातून येतो, जिथे कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता सोडून गाड्या गडाकडे वळतात. ‘‘वाघबिळात हाय आम्ही, धा मिनटांत पोचतोय. काय करत बसू नका हां!’’ यातले शेवटचे वाक्य ऐकून घरात स्वयंपाक सुरू होतो. पुढच्या दहा मिनिटांत बरेच काही घडते. सोप्यातल्या दोऱ्यांवरचे कपडे एका मिठीत गोळा होऊन आतल्या खोलीतल्या पलंगाखाली जातात. चार दिवसांची वाळण्याची साधना तिथे भंग पावते. मुलगा दुधाला पळतो. सासरे घरातला एकमेव कोरडा शर्ट घालतात आणि तो जावयाचा निघतो. दारात गाडी थांबते तेव्हा सगळे निवांत बसलेले असतात, आणि आजी म्हणते, ‘‘या की! आता तुमचंच नाव काढलोतो.’’ नाव काढलेले असते हे खरे. कोणत्या संदर्भात, ते सांगायचे नसते.

पाहुणा बसला की म्हणतो, ‘‘नुसता चा टाका.’’ चहा होतो. मग तो म्हणतो, ‘‘आमाला आपलं साधं झुणका-भाकरीच बास.’’ गडावर ठिकठिकाणी बाया चुलीवर झुणका-भाकरी करून विकतात. सोबत खर्डा, दही, कांदा. गारठ्यात ते ताट समोर आले की शहरातल्या माणसाला गहिवरून येते, यात शंका नाही. पण ज्याला साधे म्हणतात, त्यासाठी पीठ मळून, थापून, फुंकर घालून, धूर डोळ्यांत घेऊन एकेक भाकरी शेकावी लागते, आणि साधेपणाने सुटलेला पाहुणा चारपाच सहज संपवतो. यजमानांच्या पोरांचा दर रविवारचा झुणका असाच ठरलेला असल्यामुळे त्यांना त्याच्या वासाने मळमळते. पाहुण्यांची पोरे डब्यात नूडल्स घेऊन आलेली असतात. पंगतीत दोन्हीकडची पोरे एकमेकांच्या ताटाकडे पाहत राहतात. अदलाबदल मागच्या परसात होते.

धान्याच्या बाबतीत इथे जुनी व्यवस्था आठवल्याखेरीज राहत नाही. गडावर अंबरखाना म्हणून गंगा, यमुना, सरस्वती या नावांची तीन कोठारे आहेत, आणि त्यांत २५ हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. त्या बेगमीच्या जोरावर गडाने वेढे काढले. आजच्या घरात ज्वारीचे पोते, वर्षाची चटणी आणि गॅसचा जास्तीचा सिलिंडर एवढीच बेगमी असते, आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईची नातवंडे आली की तीही टिकत नाही. चटणीचा अंदाज तर दर वर्षी चुकतो. जाताना प्रत्येक जण म्हणतो, ‘‘काकू, चटणी मात्र तुमच्या हातची,’’ आणि बरणी पुढे करतो. बरणी त्याने घरून आणलेली असते.

चैत्रात जोतिबाची यात्रा भरते. जोतिबाची वाडी रत्नागिरी जवळच असल्यामुळे, दर्शन झाले की पन्हाळा करून जाऊ, असा बेत गाडीतच ठरतो. हा पाहुणा आपादमस्तक गुलाबी असतो. गुलाल देवाचा, म्हणून त्याला ‘बाहेर झटकून या’ असे म्हणता येत नाही. तो खुर्चीवर बसतो तिथे खुर्ची गुलाबी होते, टेकतो तिथे भिंत होते, तोंड पुसतो तिथे टॉवेल होतो. एका यात्रेचा गुलाल गणपतीच्या साफसफाईत निघाला, तर ती सून कामाची समजतात.

जुलैतले चढणारे मात्र निराळे. महाराज गेले त्या वाटेने पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती करणारी मंडळी ऐन पावसात गडावर जमतात आणि मसाई पठाराच्या वाटेला लागतात. जमीन कोरडी असलेला एखादा सोपा दिसला, तर ‘पाच मिनिटे टेकतो’ म्हणून शिरतात आणि जाताना तिथे तळे ठेवून जातात. त्यांना कोणी काही बोलत नाही. चालणाऱ्याला पन्हाळ्यावर अजूनही मान आहे.

पाहुण्यांना गड दाखवण्यासाठी प्रत्येक घरात एक माणूस नेमलेला असतो. तो बहुधा नववी-दहावीतला असतो, आणि इतिहासात कसाबसा पास झालेला असतो. पावसाळ्यात त्याचे काम अवघड असते. पुसाटी बुरुजावर नेऊन तो पांढऱ्या शून्याकडे हात करतो आणि म्हणतो, ‘‘ते मसाई पठार.’’ सज्जा कोठीवर जाऊन तसेच दुसरे शून्य दाखवतो आणि म्हणतो, ‘‘ही दरी.’’ पाहुणे दोन्हींचे फोटो काढतात. अंधारबावीत उतरल्यावर मात्र सगळे खूश होतात, कारण तिथे न दिसणे अपेक्षितच असते.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहने बंद झाली. धुके नेहमीप्रमाणे येत राहिले, वानरांचेही काही अडले नाही. पहिल्या रविवारी घरोघरच्या बायकांनी दुपारी झोप काढली. दुसऱ्या रविवारी पिठल्याला पीठ किती घ्यावे ते समजेना. तिसऱ्या रविवारी आजोबांनी स्वतःहून कोल्हापूरला फोन लावला आणि रस्ता कसा खचला, हे आधी दोनदा सांगितलेल्या माणसालाच तिसऱ्यांदा सांगितले. ज्यांची पोटे झुणक्याच्या चुलीवर चालतात, त्यांचे ते महिने अर्थातच विनोदात मांडण्यासारखे नव्हते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, आणि त्यांत पन्हाळा आला. या गडावर नगरपरिषद आहे, पेठा आहेत, आणि रोज धुणे निघते. वारसा जाहीर झाल्यावर काही घरांतून चिंता व्यक्त झाली, त्यातली घरादाराविषयीची गंभीर होती. तटाजवळच्या तारेवर वाकळ टाकली तर चालेल का, ही दुय्यम. पाहुण्यांना नवे निमित्त मिळाले, हे सांगायला नको. पूर्वी ते हवा खायला येत, आता जग काय पाहतेय ते पाहायला येतात आणि हवाच खाऊन जातात.

निरोपाला पाऊण तास लागतो. आधी सोप्यात निरोप घेतात, मग पायरीवर, मग गाडीच्या काचेतून. फणस डिकीत जातो, चटणीची बरणी मांडीवर. विसरलेली छत्री, डब्याचे झाकण आणि एखादे पोर आणायला कोणीतरी परत आत येते. यजमानीण म्हणते, ‘‘धावत-पळत आलायसा. पुढच्या टायमाला राहायलाच या.’’ पाहुणा इंजिन बंद करतो, मोबाइल काढतो, कॅलेंडर उघडतो आणि विचारतो, ‘‘बावीसला जमंल?’’ बावीसला शनिवार असतो.