मसाला आणायला गेलोय

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं युरोपला जाऊन आलो. जाऊन आलो म्हणजे नेऊन आणलं. ऱ्हाईन नदीचा धबधबा शाफहाउझेनला आहे हे माझ्या लक्षात राहिलं, कारण तिथं बसच्या दारात उभं राहून टूर मॅनेजर ओरडला होता, "वीस मिनिटं!" त्यातली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, चार सुटं नाणं शोधण्यात. उरलेल्या चारांत हिनं धबधब्याकडे पाठ करून फोटो काढून घेतला. धबधबा मी कोल्हापूरला आल्यावर पाहिला, तोही हिच्या डाव्या खांद्यावरून दिसतो तेवढाच.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे बाहेर फिरणं बंद, विनाकारण जिना चढणं बंद. भाचा पुण्याहून भेटायला आला तो निन्टेंडो स्विच नावाचं यंत्र घेऊन. ते टीव्हीला जोडून माझ्या हातात बटणं देत म्हणाला, "मामा, बसल्या बसल्या फिरून या."

पहिला मुक्काम हायरूल. खेळाचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड', साल २०१७. नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो. अंगावर चड्डीशिवाय काही नाही, कुठं आहोत ते कळत नाही, आणि एक अदृश्य बाई प्रेमानं 'ऊठ, ऊठ' म्हणतेय. दहाच दिवसांपूर्वी माझी भूल उतरली तेव्हा नेमकी हीच परिस्थिती होती. त्यामुळे या मुलाशी माझं लगेच जमलं.

गुहेतून बाहेर आलं की शेकोटीपाशी एक म्हातारा भेटतो. बाजूला त्याचं भाजलेलं सफरचंद असतं. ते मी उचललं, त्यानं झापलं, ओळख झाली. मग हळूहळू त्यानं घरची अडचण सांगितली. समोरच्या किल्ल्यात गॅनॉन नावाचं संकट आहे. राजकन्या झेल्डा शंभर वर्षं एकटी त्याला थोपवून धरून बसली आहे. तेव्हा जरा लवकर.

मी भाच्याला विचारलं, "किती वेळ आहे?"

"कसला?"

"आपल्याकडं. वीस मिनिटं?"

"वेळ नसतोय मामा इथं. पाहिजे तेवढं फिरा. गॅनॉन कुठं जात नाही."

हे वाक्य मी परत म्हणून घेतलं. जगबुडी तोंडावर आली आहे आणि ती आपल्यासाठी थांबणार आहे! पंचवीस वर्षांच्या प्रवासात मला कुणी असं वागवलं नव्हतं. एस.टी.सुद्धा थांबलेली नाही. त्या रात्री मी किल्ल्याच्या बरोबर उलट दिशेला निघालो.

या मुलुखाचा पसारा ठरवताना खेळाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी क्योटो शहराचा नकाशा त्याच्यावर ठेवून पाहिला होता. आपल्या माहितीच्या या जागेपासून त्या जागेपर्यंत जायला एवढा वेळ, मग इथल्या डोंगरापासून त्या तळ्यापर्यंत किती, असा हिशोब. मीही तोच केला. पहिल्या पठारावरून काकारिको गाव म्हणजे बिंदू चौकातून रंकाळा आणि परत. फरक इतकाच की वाटेत भेळेची गाडी नाही, आणि डुकरासारख्या तोंडाचे बोकोब्लिन सोटे घेऊन बसलेत.

नकाशा सुरुवातीला कोरा असतो. पंधरा मनोरे आहेत, एकेकावर चढलं की त्या भागाचा नकाशा उघडतो. चढायचं म्हणजे हातापायांनी, पालीसारखं. इथं कुठलाही कडा चढता येतो, फक्त दमसास पुरला पाहिजे आणि पाऊस नको. पावसात हात सुटतो. हे कळायला मला अर्धा डोंगर लागला. मग एका कपारीत शेकोटी पेटवून पाऊस थांबायची वाट बघत बसलो. बाहेर हिरवळ, धुकं, टपटप. गगनबावड्याला आल्यासारखं वाटलं, भजी नव्हती एवढंच. ही स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, "अहो, खेळ बंद पडलाय का?"

"पाऊस आहे."

"मग बंद करा की."

"थांबेल," मी म्हणालो. आणि थांबला.

या देशातली सर्वांत मोठी सोय मात्र वेगळीच. चलन काय, तर रुपी! इंग्रजी स्पेलिंगही आपल्याच रुपयाचं. फॉरेक्स कार्ड नको, टक्केवारी नको, मनातल्या मनात नव्वदनं गुणून आइस्क्रीम नाकारणं नको. रस्त्याकडेच्या तबेल्यात रात्रभर झोपायला वीस रुपये. मऊ गादी पाहिजे तर थोडे जास्त. त्या थोड्या रुपयांसाठी मी कधीच मऊ गादी घेतली नाही. मग हातेनो गावात एक घर पाडायला काढलेलं दिसलं. किंमत ठरली तीन हजार रुपये आणि लाकडाच्या तीस मोळ्या. ताबडतोब घेतलं. दार, पलंग वगैरेंचे प्रत्येकी शंभर वेगळे, म्हणजे बिल्डर सगळीकडे सारखाच, पण ना पार्किंगचे पैसे ना सोसायटीची एनओसी. आयुष्यभर सहकारी बँकेत लोकांची गृहकर्जं मंजूर केली. कर्जाशिवाय घर पहिल्यांदाच घेतलं, तेही राजकन्या संकटात असताना.

घर झालं, मग चूल आली. इथं रानात मिळेल ते कढईत टाकून शिजवता येतं. टाकलं की गाणं लागतं आणि पदार्थ आनंदानं उड्या मारतात. माझ्या सुरुवातीच्या पदार्थांत राक्षसाचं शिंग पडलं. त्याचं जे काही झालं ते पडद्यावर धूसर करून दाखवलं, टीव्हीवर नको ते झाकतात तसं. त्यानंतर आठवडाभर सफरचंदं, अळिंबी, भाजलेलं मांस. सगळं अळणी, सपक. शेवटी मी भाच्याला फोन केला. तिकडून तो म्हणाला, "तिखट पाहिजे असेल तर गोरॉन मसाला मिळतो. पण तो ज्वालामुखीवर."

आता मला सांगा, कोल्हापूरच्या माणसानं काय करायचं?

डेथ माउंटनच्या वाटेवर एक वेळ अशी येते की हवाच पेटते. लाकडी ढाल पाठीवर जळून जाते, धनुष्य जळतं, मग आपला नंबर. उपाय म्हणजे न जळणाऱ्या सरड्याचा काढा. सरडे पकडायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण सरडा पावलाची चाहूल लागली की दगडाखाली, आणि मला हळू चालायचं बटण सापडत नव्हतं. काढा पिऊन, लाव्हाच्या कडेकडेनं, वरून पडणारे धोंडे चुकवत गोरॉन लोकांच्या गावात पोचलो. हे गोरॉन अंगानं गोल आणि आडवे, खातात दगड. नुसते दगड. आणि त्या गावच्या दुकानात मसाला! दगडसुद्धा मसाल्याशिवाय घशाखाली उतरत नाही म्हणणारी माणसं या जगात आहेत हे बघून मला भरून आलं. ही आपली माणसं.

खाली उतरून तांदूळ आणि मसाला कढईत टाकला. गाणं लागलं. करी-भात तयार! हिला हाक मारून बोलावलं. तिनं निरखून बघितलं.

"तांबडा का पांढरा?"

"तपकिरी."

"मग एवढं कशाला गेला होतात?" असं म्हणून ती आमटीला फोडणी द्यायला गेली.

पाचव्या आठवड्यात मी स्कायरिमला गेलो. हा खेळ २०११चा, बर्फाळ मुलुख, काम ड्रॅगनचं. आल्या आल्या मुंडकं उडवायला ठोकळ्यावर ठेवतात. बाकी मंडळी चांगली आहेत. विशेषतः शहरांचे पहारेकरी. कुठल्याही वेशीवर जा, कुणी ना कुणी सांगणारच की पूर्वी मीही तुझ्यासारखा हिंडायचो, पण गुडघ्यात बाण लागला. मी बटणं बाजूला ठेवून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारा आमचा सगळा ग्रुप चिलखत घालून इथं नोकरीला लागल्यासारखा वाटला.

तिथं एका शिखराच्या खांद्यावर हाय ह्रोथगार नावाचा मठ आहे. वर जायला सात हजार पायऱ्या. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्यावर हाच पत्ता मला शोधावा लागला. पायथ्याच्या आयव्हरस्टेड गावात एक गृहस्थ भेटले. वरच्या साधूंना ते शिधा पोचवतात, पण आताशा पाय साथ देत नाहीत. मी वर चाललोय म्हटल्यावर त्यांनी पिशवी पुढं केली. पुण्याला निघालेल्या माणसाच्या हातात लोणच्याची बरणी देतात, तशी. बर्फाळ मुलुख असला म्हणून काय झालं, रीत तीच.

चढायला लागलो आणि सवयीनं पायऱ्या मोजायला लागलो. अर्ध्या वाटेवर एक पांढरा राक्षस भेटला, त्यानं मला तीनदा मारलं, त्यामुळे मोजदाद चुकली. पण शपथेवर सांगतो, त्या सात हजार नाहीत. हजारसुद्धा भरणार नाहीत. जेजुरीच्या नवलाख पायरीची ही चुलत बहीण. भाविकांचं गणित सगळीकडे एकच, त्याला मी बँकेतला माणूस असूनही हरकत घेत नाही. वर पोचून पिशवी पेटीत ठेवली. साधू फारसं बोलत नाहीत. त्यांच्या आवाजानं भिंती हादरतात म्हणून एकानंच बोलायचं, असा नियम. आमच्या सोसायटीच्या सभेत हा ठराव मांडायचा विचार आहे.

मधल्या काळात हिचाही ट्रक लागला. अक्षरशः. 'युरो ट्रक सिम्युलेटर २', प्रागच्या एस.सी.एस. सॉफ्टवेअर कंपनीनं २०१२ साली काढलेला. युरोपचा मोठा भाग त्यात साधारण एकास एकोणीस या प्रमाणात बसवलाय, म्हणजे आमच्या टूर कंपनीचंच माप. यात माल वेळेत पोचवायचा असतो, सिग्नल तोडला की दंड, झोप अनावर झाली की डोळे मिटतात. माझ्या दृष्टीनं बेकार प्रदेश, कारण इथं घड्याळ आहे. पण हिला फार आवडला. कॅलेहून बोटीत ट्रक चढवून डोव्हरला उतरली आणि गाड्या डावीकडून धावताना बघून म्हणाली, "आता कसं घरी आल्यासारखं वाटतंय!" मी म्हटलं, जरा थांब, समुद्र बघूया. म्हणाली, "माल आहे मागं. फार तर वीस मिनिटं."

पायावर उभा राहिल्यावर पुण्याला भाच्याकडे गेलो. त्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर २०२०चा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' होता. त्यात खरी पृथ्वी आहे, सगळीच्या सगळी, आणि सदतीस हजार विमानतळ. खेळ नवा असताना मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत दोनशे बारा मजल्यांचा सुळका उभा राहिला होता. कुणीतरी लोकांच्या नकाशात दोन मजल्यांऐवजी २१२ असं टंकलं होतं आणि यंत्रानं विश्वास ठेवला. लोक मुद्दाम विमानं घेऊन तो बघायला जात.

"कुठं जायचं, मामा? न्यूयॉर्क? एव्हरेस्ट? हवं तर तुमचा ऱ्हाईनचा धबधबा?"

"उजळाईवाडीहून उडव," मी म्हणालो, "आणि रंकाळ्यावरून घे."

रंकाळा होता. पन्हाळा होता. आमच्या सोसायटीच्या जागी यंत्रानं अंदाजानं दुसरीच एक इमारत बांधली होती, आमच्यापेक्षा बरी, आणि गच्चीवर आमची गळकी टाकी नव्हती. मी तिच्याभोवती पाऊण तास घिरट्या घातल्या. भाचा मध्येच झोपला.

गॅनॉनला मी अजून भेटलेलो नाही. तुमच्यापैकी कुणी हायरूलला निघालं असेल तर दोनच गोष्टी सांगतो. विजा चमकायला लागल्या आणि पाठीवरच्या ढालीतून ठिणग्या यायला लागल्या, तर अंगावरचं लोखंड सगळं उतरवून ठेवा. आणि गावातल्या कोंबडीला कितीही मोह झाला तरी तलवार लावू नका. तिला भाऊबंद फार आहेत, आणि ते सगळे एकदम येतात.