प्रेसवाले काका आणि न दिसणारं कार्ड

नाशिकरोडला, जेल रोड असो की उपनगर, कुठल्याही जुन्या सोसायटीत एक प्रेसवाले काका असतातच. उमेदीची सगळी वर्षं करन्सी नोट प्रेसमध्ये गेलेली. १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात, तिथून रोज झडती देऊन घरी आलेला हा माणूस. इतकी वर्षं दुसऱ्यांनी आपल्यावर घेतलेल्या संशयाची सव्याज परतफेड तो रिटायर झाल्यावर करतो. आणि संशय घ्यायला मेमरी कार्डाइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

परवा बिघडलेलं कार्ड घेऊन लग्नाचे फोटो काढणारा एक पोरगा अशाच एका काकांकडे आला. चेहरा असा, की मांडवातून नवरीच पळून गेली असावी.

‘काका, कार्ड डिटेक्टच होत नाहीये.’

काकांनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘आधी सांग, लॅपटॉपमधून काढलंस कसं?’

‘म्हणजे... काढलं.’

‘ओढलं म्हण. सेफली रिमूव्ह केलं होतंस का?’

पोरगा काकूंकडे बघायला लागला. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. या घरात जबाब देताना भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते, हे त्यांना आता पाठ आहे.

‘बरं, पुन्हा घातलंस तेव्हा काय म्हणाला लॅपटॉप?’

‘फॉरमॅट करा म्हणाला.’

‘मग?’

‘मी कॅन्सल केलं.’

काका पहिल्यांदा हसले. ‘शहाणा आहेस. चहा टाक गं.’

त्यांच्या दारी येणाऱ्यांत ही जमात दुर्मीळ. बाकीचे ‘ओके’ दाबून, वर तिथेच चार नवे फोटो काढून मग येतात. साध्या क्विक फॉरमॅटने बहुधा नुसती अनुक्रमणिका पुसली जाते, खालचा मजकूर जागेवर असतो, हे काका पोटतिडकीने सांगतात. पण त्याच जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की मग ब्रह्मदेवही हात टेकतो.

काकांच्या तपासाचा क्रम ठरलेला. पहिला आरोपी कार्ड आणणारा माणूस, मग रीडर, मग यूएसबीचा पोर्ट, मग मायक्रोएसडीचं अडॅप्टर. कार्डाचा नंबर सगळ्यात शेवटी. सीपीयूच्या पुढच्या पोर्टवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. कॅबिनेट ओढून, मान वाकडी करून मागच्या पोर्टलाच रीडर लावणार. कार्डाच्या कडेची खिट्टी कुणी निष्पाप चेहऱ्याने दाखवलीच, तर त्याचं काही खरं नाही. ‘अहो, लॉक असलं तर कार्ड लिहून घेणार नाही. दिसायला काय हरकत आहे त्याला?’

तळमजल्यावरच्या काकूंचं ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यात उत्तम चालायचं, जुन्या लॅपटॉपला मात्र त्याचा पत्ताच लागत नव्हता. काकांनी लॅपटॉपचं साल विचारलं आणि जागेवर निकाल दिला. एसडीएचसी हा प्रकार २००६ चा, त्याची हद्द ३२ जीबी. त्यापुढचा एसडीएक्ससी आला २००९ मध्ये. त्याआधीच्या रीडरला हे कार्ड उमजणार कुठून? एम.जी. रोडवरून साधा नवा रीडर आणला, कार्ड दिसलं. तळमजल्यावर आनंद झाला; काका जरा खट्टू. केस फार लवकर सुटली.

त्यांचा खरा आवडता गुन्हेगार म्हणजे नकली कार्ड. पाचशे रुपयांत एक टीबी, असं कानावर पडताच हात आपोआप वर जातो आणि ते कार्ड उजेडासमोर धरतात. त्यात ना वॉटरमार्क, ना तार. पण हाताची सवय! असं कार्ड आपली जागा कॉम्प्युटरला बिनदिक्कत खोटी सांगतं, आणि खरी जागा संपली की पुढचे फोटो घेतल्यासारखं करून गिळून टाकतं. ते पकडायला काका ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ लावतात. हा प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं सगळं परत वाचून ताळा करतो. याला रात्र जाते. काका जागे राहतात. तशी गरज नसते.

पोराचं कार्ड डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसलं. नुसतं ड्राइव्हचं अक्षर हरवलं असतं, तर दोन क्लिकमध्ये काम होतं. ‘नो मीडिया’ आलं असतं, तर काकांनीही हात जोडले असते. इथे लिहून आलं होतं ‘रॉ’. ‘जिवंत आहे,’ काका म्हणाले, आणि आधी अख्ख्या कार्डाची इमेज हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. जे काही करायचं ते त्या नकलेवर. अस्सल कार्ड काकूंच्या करंड्यात. मग ‘फोटोरेक’ सुरू केलं. ते अनुक्रमणिकेच्या वाटेला जात नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फोटो उचलतं. फोटो परत येतात, नावं नाही. त्यामुळे सीमांतपूजनाआधी पंगत उठली, आणि ऐन सप्तपदीत मागच्या महिन्यातल्या, कार्डावरून कधीच पुसलेल्या लग्नाची नवरी अवतरली. ‘हीच का?’ काकूंनी चष्मा पुसत विचारलं. पोरगा घामाघूम.

फी नाही. पण दोन ठिकाणी कॉपी झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काका कार्ड सोडत नाहीत. तेवढ्या वेळात दादासाहेब फाळके ऐकावे लागतात. आपल्या त्र्यंबकचा माणूस, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढतो, आणि आज त्याची पूर्ण प्रत कुठे नाही! हे काका अशा स्वरात सांगतात, की जणू बॅकअप समोरच्या पोराकडूनच घ्यायचा राहिला होता.

हंगाम म्हणाल तर रंगपंचमीचा. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, मोबाइल खिशात ठेवून उडी मारणारे वीर दुसऱ्या दिवशी रांगेने हजर. फोन गेला तरी आतलं कार्ड बहुतेकदा वाचतं. ते काढून, पुसून काका पंख्याखाली वाळत घालतात. तांदळाच्या डब्यात खुपसून आणलेलं पाहिलं की मात्र काकूच आधी भडकतात.

हल्ली बऱ्याच फोनला कार्डाची खाचच नसते. फोटो परस्पर क्लाउडवर जातात, आणि आठ-आठ दिवस कुणी बेल वाजवत नाही. पण काकांनी आशा सोडलेली नाही. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावरून आलेल्या कॅमेरेवाल्यांनी त्यांचा हॉल भरून गेला होता. आता २०२७ च्या शाहीस्नानांची तयारी म्हणून ते आत्तापासून रीडर घेऊन ठेवतायत. काकूंनी कपाट उघडून ते मोजले आणि साखर किती लागेल, तेवढं विचारलं.